टर्की ऑन राय: सगळा हिशोब ओलाव्याचा

टर्की सँडविचला बेचव म्हणून नावं ठेवणारे भरपूर भेटतात आणि त्यात त्यांची काही चूक नाहीये, कारण बहुतेकांनी जे खाल्लेलं असतं ते म्हणजे कोरडं पांढरं मांस, थंडगार, एकावर एक चिकटलेल्या चपट्या स्लाइस, आणि वर टोमॅटो, ज्याच्या पाण्याने खालचा ब्रेड पार लगदा झालाय. म्हणजे जिथे ओलावा हवा तिथे नाही आणि जिथे नको तिथे महापूर. माझं सरळ मत आहे की टर्की ऑन राय (म्हणजे टर्की पक्ष्याच्या मांसाचं, राय या धान्याच्या ब्रेडमधलं सँडविच) हा सगळा ओलाव्याचा हिशोब आहे, पाणी मांसात राहिलं पाहिजे आणि ब्रेडपासून लांब राहिलं पाहिजे, एवढं जमलं की मग मस्टर्ड कुठलं आणि चीज कुठलं यावर निवांत भांडत बसता येतं.

आता राय ब्रेडच का? पास्ट्रामी किंवा कॉर्न्ड बीफ (दोन्ही मिठात मुरवलेलं बीफ) कशातही घाला, मसाला आणि चरबी इतकी असते की ते स्वतःच्या जिवावर उभं राहतं. टर्कीचं ब्रेस्ट तसं नाही, चरबी जवळपास नाहीच, चव अगदी सौम्य, मग बोलायचं काम ब्रेडला करावं लागतं. पांढऱ्या मऊ ब्रेडमध्ये टर्की घातली तर दोन भिडस्त माणसं दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभी राहिल्यासारखं होतं, आत कोणीच जात नाही. राय आंबट असतो, थोडा मातकट, आणि त्यात कॅरवेचे (जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मसाल्याचे) दाणे असले तर अजूनच भारी. बाय द वे, ज्याला बरेच जण ‘रायची चव’ म्हणतात ती खरं तर कॅरवेची चव असते. नुसतं रायचं पीठ तेवढं तिखट-सुगंधी वगैरे काही नसतं, हवं तर बिनकॅरवेचा राय एकदा खाऊन बघा, लगेच कळेल.

आंबटपणा मात्र खरोखर रायचाच, आणि तो निव्वळ हौसेखातर नाही. राय हे धान्य थंडी आणि हलकी रेताड जमीन सहन करतं म्हणून उत्तर आणि पूर्व युरोपात ते शतकानुशतकं पिकत आलंय, पण त्याच्या पिठात गव्हासारखी ग्लूटेनची (कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाची) जाळी नीट तयार होत नाही. त्याऐवजी पेंटोसन नावाचे घटक असतात जे पाणी प्रचंड धरून ठेवतात, म्हणून कणीक हाताला चिखलासारखी चिकटते. वर रायमध्ये स्टार्च तोडणारं एन्झाइम जोरात असतं, आणि रायचं स्टार्च गव्हापेक्षा कमी तापमानाला फुलतं, म्हणजे ओव्हनमध्ये स्टार्च फुललंय आणि एन्झाइम अजून जिवंत आहे असा मधला काळ येतो, त्यात ब्रेड आतून चिकट गोळा होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे आंबवण, कारण ॲसिड त्या एन्झाइमला दाबून ठेवतं. म्हणून जिथे रायचं प्रमाण जास्त तिथे सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं विरजण, आलंच. चवीसाठी आपण ज्या आंबटपणाचं कौतुक करतो तो मुळात ब्रेड उभा राहावा म्हणून आलेला आहे, मला ही गोष्ट जाम आवडते.

सँडविचसाठी मात्र शंभर टक्के रायचा जर्मन पद्धतीचा जड ब्रेड घेऊ नका. तो ग्रेट आहे, पण पातळ काप, भरपूर बटर, वर एखादी गोष्ट, असा उघडाच खायचा असतो, दोन कापांमध्ये टर्की भरली तर जबडा दुखेल आणि टर्की कुठे गेली ते कळणारही नाही. हवा तो अमेरिकेतल्या ज्यू डेलींमधला (मांस-सँडविच विकणाऱ्या दुकानांमधला) हलका राय, जो पूर्व युरोपातून आलेल्या लोकांनी तिथे रुजवला. त्यात बहुतांश गव्हाचंच पीठ असतं, राय त्याहून कमी, पण आंबवण राय सावर, म्हणजे रायच्या पिठाचं विरजण, असते, कवच चकचकीत आणि चिवट, आतून मऊ पण घट्ट. जुन्या पद्धतीने करणारे बेकर कालचा उरलेला राय ब्रेड भिजवून, पिळून नव्या कणकेत घालतात, त्याला अल्टस म्हणतात. ऐकायला कंजूसपणा वाटतो पण त्याने ब्रेडमध्ये ओलावा टिकतो आणि चव खोल होते.

मार्बल राय, म्हणजे तो दोन रंगांच्या भोवऱ्याचा, दिसायला छान, पण चवीला फार वेगळा नसतो, काळी बाजू बहुतेक वेळा कॅरॅमल रंग किंवा कोकोने काळी केलेली असते. पम्परनिकल या काळ्या राय ब्रेडचंही तेच. जर्मनीच्या वेस्टफालियातला अस्सल पम्परनिकल मंद आचेवर, वाफेत, १६ ते २४ तास भाजून काळा होतो, आणि पॅकेटातला मऊ ‘पम्परनिकल’ बऱ्याचदा रंगाने. विकत घेताना लेबल वाचा, घटकांच्या यादीत रायचं पीठ पार तळाशी मीठ-यीस्टच्या शेजारी दिसलं तर तो रंगवलेला गव्हाचा ब्रेड आहे, दुसरा काही नाही.

घरी भाजत असाल किंवा ताजा गरम मिळाला असेल तर कापायची घाई नको. राय पूर्ण गार होईपर्यंत आतून बसत नाही, सुरीला चिकटतो, आणि चव दुसऱ्या दिवशीच खरी येते. ठेवायचा बाहेर किंवा फ्रीजरमध्ये, फ्रिजमध्ये नाही, कारण फ्रिजच्या तापमानाला स्टार्च सगळ्यात पटकन कडक होतं आणि ब्रेड शिळा होतो. स्लाइस एक सेंटिमीटरच्या आसपास, किंचित जाड चालेल.

आणि आता या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट, बाकी काही केलं नाही तरी एवढं करा. ब्रेड टोस्टरमध्ये टाकू नका. तव्यावर थोडं बटर घालून दोन्ही स्लाइस फक्त एका बाजूने भाजा, सोनेरी होईपर्यंत, आणि सँडविच लावताना भाजलेली बाजू आत ठेवा. हो, आत. बाहेरची बाजू मऊ राहते म्हणून टाळू सोलवटत नाही, आणि आतली बाजू कडक आणि बटर प्यायलेली असल्यामुळे पाणी लगेच शिरत नाही. दोन्ही बाजूंनी भाजलेला राय पहिल्या घासाला मस्त वाटतो आणि तिसऱ्या घासाला तोंडाला जखमा करतो.

टर्कीकडे येऊ. स्वतः भाजली तर उत्तमच, आणि सँडविचसाठी अख्खा पक्षी भाजायची अजिबात गरज नाही, हाड काढलेलं एक बाजूचं ब्रेस्ट पुरे. किलोभराच्या तुकड्याला साधारण १२ ते १५ ग्रॅम मीठ सगळीकडून चोळायचं, मिरपूड, हवं तर थोडी साखर आणि लसूण पावडर, आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, मग त्याच पाण्यात विरघळून परत आत जातं आणि स्नायूतली प्रथिनं सैल करतं, त्यामुळे भाजताना ती कमी आवळतात आणि पाणी कमी पिळून बाहेर येतं. लोक बादलीभर मिठाच्या पाण्यात टर्की बुडवून ठेवतात, त्याने वजन वाढतं पण ते वजन पाण्याचंच, चव पातळ होते, आणि आपल्याला तर स्लाइस करायच्यात तेव्हा असं पाणचट मांस नकोच. एक सांभाळा, काही टर्कीत आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, पॅकेटवर ‘सोल्यूशन’ असा उल्लेख असतो, तिला परत मीठ लावलं तर खारट होईल.

ओव्हन १५० अंशावर, मंदच. एवढ्या तुकड्याला साधारण तास-सव्वा तास लागतो पण घड्याळाकडे बघून टर्की करायचीच नाही, थर्मामीटर घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सुरक्षित आकडा ७४ अंश सेल्सियस, सगळ्यात जाड भागात. मी ७१-७२ ला बाहेर काढून फॉइलखाली ठेवते, थर्मामीटर आतच, आतली उष्णता पुढे सरकत राहते आणि काटा ७४ ला पोचतो, नाही पोचला तर परत दोन मिनिटं आत. ८० च्या वर गेली की मग कितीही मेयो लावा, काही उपयोग नाही, ते पाणी गेलं ते गेलंच. टर्की कोरडी असते म्हणून जी बदनामी आहे तिचं निम्मं कारण म्हणजे लोक भीतीपोटी तिला ८५-९० पर्यंत नेतात.

भाजल्यावर लगेच कापू नका. गार होऊ द्या आणि मग फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या (दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवी, बाहेर ठेवून विसरायचं नाही). गार मांसाच्याच पातळ स्लाइस निघतात, गरम मांस फाटतं. धागे कुठल्या दिशेला आहेत ते बघून त्यांना आडवं कापायचं, लांब धारदार सुरीने, जमेल तेवढं पातळ. जाड स्लाइस ही टर्कीच्या बाबतीत चूकच आहे असं माझं ठाम मत आहे, तोच तुकडा पातळ कापला की मऊ लागतो आणि जाड कापला की रबर, कारण पातळ स्लाइसमध्ये धागे आखूडच राहतात, दातांना काम उरत नाही.

विकतची डेली टर्की घेणार असाल तर दोन प्रकार असतात. एक अख्ख्या ब्रेस्टची, कापल्यावर धागे दिसतात, स्लाइसचा आकार वेडावाकडा असतो. दुसरी तुकडे, स्टार्च, कॅराजीनन (समुद्री शेवाळापासूनचा घट्ट करणारा पदार्थ) वगैरे घालून साच्यात दाबलेली, अगदी गोल गुळगुळीत. पहिली घ्या. काउंटरवर सांगून कापून घेता येत असेल तर अगदी पातळ सांगा, मोडेल इतकी नको पण उजेड आरपार दिसेल इतकी. उघडलेली डेली टर्की तीन ते पाच दिवसांत संपवायची, घरी भाजलेली तीन-चार दिवसांत. आणि प्रेग्नंट असाल, वय जास्त असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डेलीचं कापलेलं मांस थंड खाऊ नका, लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजमध्येसुद्धा वाढतो, वाफ येईपर्यंत म्हणजे ७४ अंशापर्यंत गरम करा आणि मग खा, गरम सँडविचही भारीच लागतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता लावायचं काय. मस्टर्ड हवाच, ब्राऊन, भरड, नाकात जाणारा. गोड पिवळा नको. त्याच्या जोडीला मेयो, कारण टर्कीत चरबी नाही आणि ती कुठून तरी आणायला हवी. दोन्ही एकत्र कालवू नका. मेयो दोन्ही ब्रेडच्या भाजलेल्या बाजूला, कडेपर्यंत, अगदी कवचाला लागेल इथपर्यंत, ती तेलाची भिंत आहे. मस्टर्ड मात्र थेट टर्कीवर, म्हणजे तो जिभेला आधी लागतो आणि ब्रेडमध्ये जिरून गायब होत नाही. ज्यांना खटपट करायची असेल त्यांनी रशियन ड्रेसिंग करा, मेयो, केचप किंवा चिली सॉस, किसलेलं हॉर्सरॅडिश (मोहरीसारखं झणझणीत मूळ), बारीक चिरलेलं काकडीचं पिकल, थोडा कांदा. नावात रशिया आहे पण पदार्थ अमेरिकनच. हॉर्सरॅडिशमध्ये हात आखडता घेऊ नका, त्याशिवाय ते नुसतं गुलाबी मेयो.

चीज स्विस, पातळ, एकच स्लाइस. त्याची ती गोडसर, सुकामेव्यासारखी चव कॅरवेला चांगली जमते. चेडर मला यात दादागिरी करणारं वाटतं. बाकी खऱ्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, डेलीत टर्की ऑन रायमध्ये चीज मिळणारच नाही, कोशर नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही आणि पक्ष्याचं मांससुद्धा त्यात आलं, त्यामुळे तिथली टर्की-स्विस जोडी ही ‘कोशर-स्टाइल’ म्हणवणाऱ्या ठिकाणांची. माझी बटर वापरायची पद्धतही अर्थातच त्या हिशोबात बसत नाही, तिथे बटरऐवजी तेल.

भाज्यांचं पाणी, इथे सगळे गंडतात. लेट्यूस धुतला की खरोखर कोरडा करायचा, झटकून नाही, कापडात गुंडाळून. आइसबर्गला लोक नाक मुरडतात पण सँडविचमध्ये त्याच्याइतका कुरकुरीत दुसरा नाही, आणि चवीला सौम्य असल्याने मध्ये मध्ये करत नाही. टोमॅटोच्या स्लाइसवर मीठ भुरभुरून पेपर टॉवेलवर दहा मिनिटं ठेवायच्या, जेवढं पाणी तिथे गळेल तेवढं सँडविचमध्ये गळणार नाही, आणि चवही एकदम वर येते. सीझन नसेल आणि टोमॅटो गुलाबी पिठूळ असतील तर घालूच नका, पिकलवर भागवा. कांदा कागदासारखा पातळ कापून दहा मिनिटं गार पाण्यात, मग पुसून, नाहीतर दिवसभर तोच आठवत राहतो. पिकल म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेली डिलवाली (शेपूवाली) काकडी, व्हिनेगरमधली गोड नको. लांब पातळ काप करून तेही पुसायचे. ताटात बाजूला अख्खं पिकल असेल तर आतले काप कमी केले तरी चालतात पण अगदी वगळू नका, टर्कीला आंबट काहीतरी प्रत्येक घासात लागतं.

रचना करताना टर्की फ्रिजमधून आधीच दहा मिनिटं काढून ठेवा, बर्फासारख्या गार मांसाला चव नसते. साधारण १०० ते १२० ग्रॅम एका सँडविचला. डेलीतल्या फोटोंमध्ये चार बोटं उंच ढीग असतो, दिसायला भारी पण तो पास्ट्रामीसाठी ठीक आहे, टर्कीचा एवढा ढीग म्हणजे शेवटी नुसतं मांस चावत बसणं. स्लाइस सपाट रचू नका, हातात सैल चुरगळून, रिबनसारख्या घड्या घालून ठेवा. घड्यांच्या मध्ये हवा राहते, मस्टर्ड शिरतो, आणि तेवढ्याच टर्कीत सँडविच दुप्पट भरलेलं वाटतं. खालच्या ब्रेडवर चीज, त्यावर टर्की आणि मस्टर्ड, मग कांदा, मग एकाच थरात पिकल आणि टोमॅटो, आणि सगळ्यात वर लेट्यूस, म्हणजे टोमॅटो कुठल्याच ब्रेडला शिवत नाही, खाली टर्की आणि वर लेट्यूस. निसरड्या दोन गोष्टी, म्हणजे पिकल आणि टोमॅटो, एकमेकांवर आल्या तर पहिल्या चाव्याला मागून सगळं बाहेर, त्यामुळे मी त्यांना शेजारी शेजारी लावते, वर-खाली नाही. टोमॅटोवर मिरपूड. मग दातेरी सुरीने, दाब न देता, करवतीसारखं पुढे मागे करत कापायचं.

गरम हवं असेल तर रेचल करा. रूबेन म्हणजे राय, कॉर्न्ड बीफ, स्विस, साउरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि रशियन ड्रेसिंग, तव्यावर भाजलेलं (त्याचा शोध ओमाहाच्या हॉटेलात लागला की न्यूयॉर्कच्या डेलीत हा वाद अजून चालूच आहे), आणि त्यातल्या बीफच्या जागी टर्की आणि साउरक्राउटच्या जागी कोलस्लॉ (ड्रेसिंगमध्ये कालवलेला चिरलेला कोबी) घातला की झालं रेचल. काही ठिकाणी त्यात पास्ट्रामीही घालतात. इथे नियम उलटा होतो, ब्रेडची बटर लावलेली बाजू बाहेर, आच मंद, आणि वर झाकण, नाहीतर ब्रेड करपतो आणि आतलं चीज तसंच कडक. कोलस्लॉ आधी हाताने पिळून घ्या. पिळून म्हणजे खरंच पिळून, वाटीभर पाणी निघतं.

न्यू जर्सीत अजून एक प्रकार आहे, त्याला तिथे स्लॉपी जो म्हणतात, बाकी अमेरिकेत त्याच नावाने खिम्याचा बन मिळतो तो हा नव्हे. साउथ ऑरेंजच्या टाउन हॉल डेलीचा दावा आहे की १९३० च्या दशकात त्यांनी तो सुरू केला. अगदी पातळ कापलेल्या रायच्या तीन स्लाइस, मध्ये दोन थर, टर्की किंवा दुसरं मांस, स्विस, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग, आणि चौकोनी तुकडे. पार्टीसाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही, आणि तो थोडा वेळ दाबून फ्रिजमध्ये ठेवला तर उलट नीट कापला जातो, कारण त्यात टोमॅटो नाही. ओलावा इथे मुद्दाम थोडा ब्रेडमध्ये जाऊ द्यायचा असतो, पण ड्रेसिंगचा, भाजीच्या पाण्याचा नाही, आणि तो फरक लगेच कळतो.

डब्यात न्यायचं असेल तर टोमॅटो आणि पिकल वेगळ्या डबीत, खाताना आत सरकवायचे. बाकी सँडविच बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि पेपरसकट कापा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. बर्फाची पिशवी सोबत असू द्या, टर्की आहे, चार तास डेस्कवर पडून राहायची वस्तू नाही. आणि कोणी म्हणालं की टर्की खाल्ली की त्यातल्या ट्रिप्टोफॅन या घटकामुळे झोप येते तर त्यांना सांगा की चिकनमध्येही जवळपास तेवढंच असतं, लंचनंतर डुलकी लागली तर दुसरं कारण शोधा.